अकरावा नारळ

चैत्र सरत आला तसं मेटकऱ्यांच्या वस्तीवर डाळिंबांना लुगडी नेसवायचं काम निघालं. फळ लिंबाएवढं झालं की आटपाडीकडचं ऊन त्याला मावळतीच्या अंगानं भाजून काढतं. साल करपली की व्यापारी त्याला हातही लावत नाही. म्हणून गावोगावच्या जुन्या साड्या गोळा करून आणायच्या, झाडाच्या डोक्यावरून पांघरायच्या आणि खाली सुतळीनं बांधायच्या. माया सकाळी सहापासून ओळीत असायची. नवरा, बाळासो, वरून साडी टाकायचा आणि ती वाकून गाठी मारायची. दुपारपर्यंत बोटांच्या पेरांना सुतळीचे चरे पडत. मागं वळून पाहिलं तर कीर्तनाला बायका बसाव्यात तशी झाडांची रांग दिसे, कुणी निळी, कुणी मोतिया, कुणी फुलाफुलांची.

ही बाग उभी होती शेततळ्यावर. टेंभू योजनेच्या कालव्याचं पाणी शिवारात आलं तसं या बाजूला घरटी तळं निघालं होतं. खड्डा काढायचा, आतून काळा कागद अंथरायचा, कालव्याची पाळी आली की भरून घ्यायचं. कागद म्हणायचा, पण तो जाड प्लास्टिकचा, बैलाच्या पाठीसारखा गुळगुळीत. मेटकऱ्यांचं तळं अडीच पुरुष खोल होतं, तीन बाजूंना तारेचं कुंपण आणि एक फाटक.

मायाचे सासरे नाथाजी सत्तरीला आले होते. सगळी उमर मेंढरांमागं गेलेली. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून, वाटीनं पाणी भरून ते प्यालेले. गुडघ्याच्या वर पाणी त्यांच्या अंगाला कधी लागलं नव्हतं. वस्तीवर पोहणारं कुणी नव्हतंच, कारण पोहावं एवढं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. एकट्या मायाला येत होतं. तिचं माहेर भिलवडीच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. सातव्या वर्षी पाठीला वाळका भोपळा बांधून चुलत्यानं तिला डोहात सोडलं होतं आणि बाराव्या वर्षी ती पैलतीराला जाऊन चिंचा पाडून परत आली होती. पण लग्नाला सोळा वर्षं झाली, तुला पोहता येतं का असं सासरी कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. सुनेनं सांगायची ती गोष्ट नव्हती.

माघात तळं पहिल्यांदा काठोकाठ भरलं तेव्हा तिनं अकरा शुक्रवार धरले. शुक्रवारचा उपास, आणि पाण्याला एक नारळ. माहेरी तिची आई असाच नारळ कृष्णेला द्यायची. नदी तो घेऊन जायची, घाटावरची पोरं उड्या टाकून मधेच धरायची, आणि आई म्हणायची, घेतला बघ तिनं पोरांच्या हातानं. इथं माया तळ्याच्या फाटकाशी चपला काढायची, पाण्याला हळदकुंकू वाहायची, नारळाला टिळा लावून तो हलकेच सोडायची आणि डोळे मिटून दोन्ही लेकरांची नावं घ्यायची. प्रांजल नववीची परीक्षा दिलेली, शंभूराज आठ वर्षांचा. पुढच्या शुक्रवारी पाहावं तर नारळ नसायचा.

सासूबाई, हरणाबाई, आधी हसल्या होत्या. कागदातली गंगा म्हणाल्या होत्या. पण तीन नारळ दिसेनासे झाल्यावर त्यांनी चौथ्या शुक्रवारी आपल्या हातानं दोन विड्याची पानं दिली, म्हणाल्या, माझी बी वाहा. मायाला त्या दिवशी घास न खाता पोट भरल्यासारखं झालं.

अकराव्या शुक्रवारी सकाळी तिनं शेवटचा नारळ सोडला आणि ओळीत कामाला गेली. दुपारी दोनच्या सुमाराला सुतळी संपली. बाळासो साड्यांचं आणखी एक गाठोडं आणायला गाडी घेऊन आटपाडीला गेला होता. सुतळीचा बंडल मोटरीच्या खोलीत होता. खोली तळ्याच्या बांधाला लागूनच. बंडल काढताना मोडक्या पायपांचा ढीग हलला आणि मागून एक करवंटी घरंगळत तिच्या पायाशी आली.

तिनं वाकून मागं पाहिलं. करवंट्याच करवंट्या. काही वाळून काळ्या झालेल्या, काहींना आत अजून पांढरं खोबरं चिकटलेलं. एकीच्या डोळ्यांवर कुंकवाचा टिळा तसाच होता. आपल्या हातचं बोट तिला ओळखू आलं. ती खाली बसली आणि एकेक करवंटी दुसरीशी जुळवत गेली. दहा जोड्या झाल्या.

पहिल्यांदा तिला राग आला तो देवाचं उष्टं केल्याचा. मग कोपऱ्यात उभी केलेली आकडी दिसली. शेरडांना बाभळीच्या शेंगा पाडायची लांब काठी, टोकाला लोखंडी हूक. हुकाला हिरवं शेवाळ लागलं होतं. माया उठली, बांधावर चढली आणि तळ्याला फेरी घालू लागली.

उगवतीच्या कोपऱ्यात तिला ते दिसलं. दुपारचा वारा पाण्यावरचं सगळं त्या कोपऱ्यात लोटत असे, काटक्या, पिसं, नारळसुद्धा. तिथं कागदावर बसलेली धूळ वरपासून पाण्यापर्यंत एका पट्ट्यात पुसली गेली होती. लहान पोराच्या बैठकीएवढा पट्टा. आणि अगदी खाली, पाण्याला लागून शेवाळ जिथं सुरू होतं तिथं, दोन टाचांच्या रेघा. रेघा पाण्यात शिरल्या होत्या.

दहा वेळा. दहा वेळा तिनंच नारळ सोडून लेकराला इथवर बोलावलं होतं.

पोरं लिंबाखाली होती. माया ओरडली नाही. तिनं नुसती करवंटी दोघांच्या मधे ठेवली. शंभूराजनं बहिणीकडं पाहिलं. प्रांजल वाळल्या गवताची काडी मोडत राहिली, मग म्हणाली, "तू म्हणायचीस, गंगामाई घेती. घेत न्हवती. नारळ तितंच तरंगत बसायचा, कुजला असता. तुला वाईट वाटलं असतं."

"म्हणून तू ह्याला खाली सोडलंस?"

"मोकळा न्हाई सोडला. माझी वढणी त्याच्या कमरंला बांधून, वर मी धरत हुते की."

शंभूराजला मात्र कौतुक होतं. शनिवारची शाळा सुटली की जायचं, कसं सरकत जायचं, पाय पाण्यात बुडेपर्यंत गेलं की आकडी पुरते, वर यायला ताई ओढते, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. एकदा वढणीची गाठ सुटली होती, पण तेव्हा तो वरच होता, असंही त्यानं सांगितलं. प्रांजलनं त्याच्या मांडीला चिमटा काढला. मायानं तो पाहिला.

अकरावा नारळ अजून पाण्यात होता.

तिनं शंभूराजला सासूबाईंजवळ बसवलं आणि प्रांजलला घेऊन तळ्यावर आली. आज वारा पडला होता. नारळ मधोमध उभा होता, आकडी तिथवर पोचणारी नव्हती. वाहिलेलं परत घ्यावं का, हा विचार तिनं फार वेळ केला नाही. चपला काढल्या, पदर खोचला, काष्टा घातला, मनात पाण्याची क्षमा मागितली आणि कागदावरून सरकत आत गेली. प्रांजल तोंडावर हात ठेवून बघत राहिली. आईला पोहता येतं हे तिला चौदा वर्षांत पहिल्यांदा कळलं.

वरचं पाणी कोमट होतं, खालचं गार. मायाच्या हातापायांना सगळं आठवत होतं. दहा-बारा हात मारले तेवढ्यात तिला सोळा वर्षांचा शीण उतरल्यासारखं वाटलं. तिनं नारळ छातीशी धरला आणि काठाला आली.

काठ होता, पण धरायला काही नव्हतं. तिनं तळहात टेकला, तो शेवाळावरून मागं आला. नारळ वर फेकून दोन्ही हात टेकले, गुडघा घातला. साडी पायात गुंडाळली आणि ती हनुवटीपर्यंत परत पाण्यात गेली. दुसऱ्यांदा जोर करून अर्धी वर आली. कागदाला नखं लावली, नखं नुसती वाजली. तिसऱ्यांदा नाकात पाणी गेलं. कृष्णेच्या काठाला माती असते, मुळ्या असतात, पायरी असते. इथं चारी बाजूंनी तोच काळा उतार होता. भोपळा न बांधता पैलतीर गाठणाऱ्या मायाला स्वतःच्या घरच्या तळ्यातून बाहेर येता येईना.

वर प्रांजलनं एक पाय कागदावर ठेवला होता, वाकून हात पुढं केला होता.

"पाय माघारी घे," माया म्हणाली. आवाज शांत ठेवायला तिला फार कष्ट पडले. "कायबी झालं, मी दिसंना जरी झाले, तरी कागदावर पाय द्यायचा न्हाई. आबांना हाक मार. मी तवर तरंगत ऱ्हाते."

पोरीनं पाय मागं घेतला. मग पळाली.

माया उताणी झाली, कान पाण्यात गेले. वर नुसतं पांढरं आभाळ होतं. हात अगदी हळू हलवायचे, दम पुरवायचा, हे चुलत्यानं शिकवलेलं. किती वेळ गेला तिला कळलं नाही. एवढंच कळलं की त्या टाचांच्या रेघा तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

नाथाजी पलीकडच्या पडिकात शेरडं चारत होते. बांधावर आले, खाली सून भिजलेली पाहिली आणि लगेच पाठ फिरवली. शेरडं बांधायचा केसाळ दोर त्यांच्या खांद्यावर कायम असे. पाठमोऱ्यानंच त्यांनी त्याच्या एका टोकाला फास केला आणि दुसरं टोक आपल्या कमरेला वेढलं. बांधाच्या माथ्यावर पलीकडच्या उताराकडं तोंड करून ते बसले, मुरमात टाचा रोवल्या आणि फास डोक्यावरून मागं भिरकावला.

"धर गं पोरी. बगलंत घाल."

दोन वेळा फास लांब पडला. तिसऱ्यांदा तिच्या हाती आला. म्हातारा मेंढरू ओढावं तसं बसल्या बसल्या मागं झुकत ओढत राहिला, त्याच्या कुडत्याच्या पाठीवर घाम पसरताना तिला दिसत होता. प्रांजलनं धावत जाऊन जवळच्या झाडाची मोतिया साडी सोडून आणली आणि आईच्या अंगावर टाकली.

"आली का वर?" नाथाजी समोर बघतच म्हणाले.

माया धापा टाकत होती.

"आली का न्हाई?"

"आले, मामा."

"मग बोल की. मला काय दिसतंय हिकडं."

दोर कमरेवरून सोडून ते शेरडांकडं निघून गेले. जाताना मागं वळले नाहीत. घरी येऊन जेवायला बसले, पण ताटातली भाकरी तशीच राहिली.

प्रांजलनं सगळं सांगितलं तसं दिवेलागणीला हरणाबाईंनी तोंड सोडलं. सून पाण्यात, सासरा दोर धरून, रस्त्यावरून कुणी गेलं असतं तर काय म्हणालं असतं, देवाला दिलेलं माघारी घेणारी बाई मी जन्मात पाहिली नाही, असं बरंच. बाळासोनं ऐकून घेतलं आणि उद्याच फाटकाला कुलूप आणतो, मोटरीकडची मोकळी बाजूही तारेनं बंद करतो म्हणाला. मायानं मान डोलावली. कुलूप पाहिजेच, म्हणाली. पण ती उठून नवऱ्याला अंगणाच्या कडेला घेऊन गेली. तिथून उतारावरचं सगळं शिवार दिसत होतं, आणि मावळत्या उजेडात जागोजागी पाणी चकाकत होतं. तिनं बोट फिरवत तळी मोजायला सुरुवात केली. सतरा झाली.

"आपलं तळं झाकता येईल," ती म्हणाली. "ही सगळी कशी झाकायची? पोरं काय जन्मभर आपल्याच आंगणात ऱ्हाणार हायत?"

माया म्हणाली, दोघांना मी पोहायला शिकवते. आणि नुसतं पोहून भागत नाही, ते आज कळलं. चारी बाजूंना गाठींचे दोर पाहिजेत, खाली पाण्यात बुडेपर्यंत.

हरणाबाई म्हणाल्या, पोरगी मोठी झालेली, न्हातीधुती, तिला उघड्यावर पाण्यात उतरवणार? शंभूला शिकव हवं तर. मायाला एवढंच वाटत होतं की खाली मांडीवर हात ठेवून बसलेली प्रांजल हे सगळं ऐकते आहे.

नाथाजी ओट्यावर तंबाखू मळत होते. "कार्तिकात, तळं अर्धं हुतं तवा, कोकरू पडलं हुतं," ते म्हणाले. "कुणाला सांगितलं न्हाई मी. दोर टाकला. कोकराला दोर धरता येत न्हाई. लय येळ माझ्याकडं बघत हुतं." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "पोरांना धरता येतो. दोघांना बी."

त्यावर हरणाबाई चूल आवरायला आत गेल्या.

मोटरीकडची बाजू तारेनं बंद झाली आणि फाटकाला कुलूप लागलं. किल्ली देव्हाऱ्यात, हळदीच्या डबीखाली. बाळासोनं आटपाडीहून जाड दोर आणला. नाथाजी पाच दिवस त्याला हातभर अंतरावर गाठी मारत बसले. प्रत्येक गाठ पायाखाली धरून ओढून बघायचे, मग पुढची. बाळासोनं बांधात लोखंडी खुंट ठोकले आणि आठ दोर खाली सोडले. पहिल्या दिवशी मायानं पोरांना पोहायला उतरवलंच नाही. नुसतं दोर धरून वर यायला लावलं, कोरड्या हातांनी, ओल्या हातांनी, डोळे मिटून. शंभूराज कंटाळला. तिनं विसाव्यांदा पाठवलं.

पहाटेची पूजा झाली की ती पोरांना घेऊन तळ्यावर जाई, दोन तासांनी ओळीत कामाला. पाठीला तेलाचे रिकामे कॅन बांधले होते. वाळका भोपळा या भागात कुठं मिळणार. नियम तिनं तीनच ठेवले: एकट्यानं यायचं नाही, मोठं माणूस काठावर असल्याशिवाय पाय भिजवायचा नाही, आणि दुसरं कुणी बुडत असलं तर आपण उडी घ्यायची नाही, दोर टाकायचा आणि हाक मारायची. रोज उतरायच्या आधी दोघांकडून ते वदवून घ्यायची, जशी हरिपाठाला बसवायची तशी.

नाथाजी रोज येत. बांधाच्या पलीकडं पाठ करून बसत, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक पाण्यातल्या पोराच्या कमरेला. सून आणि नात पाण्यात असताना त्यांनी एकदाही मान वळवली नाही. सगळं त्यांना दोरावरून कळायचं. आता भ्याली, म्हणायचे. आता बरी चाललीय. शंभूराजनं एकदा मुद्दाम दोराला हिसका दिला तर त्यांनी त्याला मासा ओढावा तसा काठाला आणला, आणि त्या दिवशी त्याला पुन्हा उतरू दिलं नाही.

चौथ्या की पाचव्या दिवशी माया फाटक उघडायला आली तर रस्त्याकडच्या तारेवर साड्या बांधलेल्या होत्या. डाळिंबांच्या गाठोड्यातल्या, एकीला एक जोडून, पुरुषभर उंच आडोसा. गाठी बायकी होत्या, घट्ट. दुपारी भाकरी थापता थापता हरणाबाई म्हणाल्या, त्या निळ्या साडीला भोक हाय, तेवढं शिवून घे.

अकरावा नारळ मायानं देव्हाऱ्यात ठेवला होता. उपासही सोडला नव्हता. शुक्रवार येत, ती धरत राही. अकरावा अजून पुरा व्हायचाय, एवढंच सांगे.

मृग आठवड्यावर आला होता, शाळा उघडायला दोन आठवडे होते, तेव्हाच्या शुक्रवारी ती नारळ घेऊन तळ्यावर आली. सगळीच आली. हरणाबाई हळदकुंकवाची वाटी घेऊन काठाशी बसल्या. मायानं नारळाला कुंकू लावलं आणि पाण्यात सोडला. वाऱ्यानं तो हळूहळू मधे गेला. प्रांजलच्या पाठीला आज कॅन नव्हता. कमरेला दोर होता तेवढा.

"आबा, वढायचं न्हाई हं," ती म्हणाली. "माझं मी येणार."

"न्हाई वढत."

ती आत गेली. मायाचं सगळं लक्ष पोरीकडं होतं, पण मधूनच तिची नजर सासऱ्यांवर जाई. पाठमोरे, टाचा मुरमात, दोन्ही मुठींतून दोर सुटत चाललेला. पोरगी मधे पोचली तसा दोर ताणला गेला. मग सैल पडायला लागला. नाथाजी हातभर हातभर करत तो आत घेत राहिले, त्यांच्या मांडीशी वेटोळं वाढत गेलं. मग दोर थांबला. ओढ नाही, हिसका नाही, काही नाही.

त्यांच्या मुठी आवळल्या. मान ताठ झाली, पण वळली नाही. ओठ बिरोबाचं नाव घेत होते. मायाला सगळं दिसत होतं: प्रांजल काठावरच्या दोराच्या सहाव्या गाठीला होती, मग चौथ्या, नारळ ओढणीत बांधून गळ्यात घेतलेला. तिनं सासऱ्यांना सांगितलं नाही. ते पोरीनं सांगायचं होतं.

ओल्या पायांनी प्रांजल बांध ओलांडून गेली आणि निथळता नारळ तिनं आजोबांच्या मांडीवर ठेवला. नाथाजींनी तो दोन्ही हातांनी चाचपला. त्यांच्या धोतरावर पाणी पसरत गेलं.

"आली का वर?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"आले."

"मग बोल की."

हरणाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि वाटी पुढं केली. मायानं पाण्याला हळदकुंकू वाहिलं. मग वाकून तिनं त्या बाजूच्या दोराच्या पहिल्या गाठीला कुंकवाचं बोट लावलं. बाळासोनं खुंटावर नारळ फोडला. शंभूराजनं आपला तुकडा एका घासात संपवला आणि कॅनच्या दोऱ्या मागून बांधून घ्यायला आईकडं पाठ केली.

नाथाजींच्या हातात खोबरं दिलं तरी ते जागचे हलले नाहीत. कमरेचा दोर त्यांनी सोडला नव्हता. नातीच्या कमरेचा फास तेवढा सोडवून घेतला आणि मागं न बघता नातवासाठी पुढं धरला.